बरा झालो तर

मंगळवार, ५

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज दोन ओळी लिहा. विजेच्या शॉकमुळे आठवणीतले मधलेमधले तुकडे गळतात, लिहिलेलं असलं की बरं पडतं. मी म्हटलं, बाई, मी लिफ्टचा मेकॅनिक. उभा जन्म लॉगबुक लिहिण्यात गेला. 'ब्रेक तपासला, दोर तपासला, दार घासत होतं, तेल दिलं.' त्या म्हणाल्या, तसंच लिहा, पण स्वतःचं.

तर स्वतःचं. काल पहिला शॉक घेतला. जबडा दुखतो. डोकं जड. दार घासतंय.

बुधवार, ६

काल तेवढंच लिहून आडवा झालो. आज नीट लिहितो, कारण एक गोष्ट पोटात आहे आणि ती कुणाला सांगायची सोय नाही.

जवळजवळ वर्ष झालं, मी भिंतीकडे तोंड करून पडून आहे. काम सुटलं. गोळ्या बदलून झाल्या. आंघोळ हिने ढकललं तर. तोंडावरची माशी हाकलायचं त्राण नाही. बाई पहिल्यापासून शॉकचं सांगत होत्या आणि मी साफ नाही म्हणत होतो. विजेला मी ओळखतो, ती मला ओळखते, आम्ही एकमेकांच्या वाटेला जात नाही.

रविवारी संध्याकाळी ही पलंगाच्या कडेला येऊन बसली. ही कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. बोलणंही तसंच, एकदा खडूने रेघ मारली की लगेच कात्री. म्हणाली, "अहो, ऐकताय ना? मला आता होत नाही. तुम्ही बरे झालात की मी ताईकडे जाणार. कायमची. आजारी माणसाला टाकून जाववत नाही म्हणून थांबलेय, नाहीतर केव्हाच गेले असते." ताई म्हणजे हिची मोठी बहीण. दुसऱ्या गावी असते, शिवणाचे वर्ग चालवते, हिला कधीची बोलावतेय.

मी भिंतीकडे तोंड करून ऐकत होतो. त्यानंतर काही नाही. एकदम हॉस्पिटलचा वास, हातात सुई, आणि मग जाग. मधलं काही नाहीच. झोपलो असणार.

शुद्धीवर आलो तर ही उशाशी. सिस्टरने नाव विचारलं, वार विचारला. मग ही वाकून हळूच म्हणाली, "काल संध्याकाळी आपण काय बोललो, आठवतंय?" मी म्हटलं, "काय बोललो?"

हिचा चेहरा असा पडला, की मला वाटलं आता रडते. मग सावरली, कपाळावरून हात फिरवला. किती महिन्यांनी. "काही नाही, पडा तुम्ही."

म्हणजे सुटली बिचारी. रागाच्या भरात बोलून बसली असेल, मग पस्तावली असेल, आणि मी विसरलो म्हटल्यावर जिवात जीव आला. बरंच झालं की. मी विसरलोय तर विसरलोय. ताकास तूर लागू द्यायची नाही.

फक्त एक कळत नाही. वर्षभर नाही नाही म्हणणारा मी सोमवारी सकाळी तिथे पोचलोच कसा? हिनेच ओढत नेलं असणार.

गुरुवार, ७

दुसरा झाला. भूल द्यायच्या आधी बाईंना विचारून घेतलं, करंट किती देता? म्हणाल्या, एका अँपिअरपेक्षाही कमी, बारीक बारीक ठोके, काही सेकंद. मी म्हटलं, एवढ्यात आमच्या दाराची मोटरसुद्धा हलत नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, करंट हे औषध नाहीच. करंटमुळे मेंदूत फिट येते, औषध ती फिट. मिनिटभराच्या आत संपते. झोपेत असता, स्नायू ढिले पाडलेले असतात, म्हणून अंग उडत नाही. एका घोट्यावर तेवढा पट्टा आवळून ठेवतात. त्या पावलात ढिलं पाडणारं औषध पोचत नाही, ते पाऊल हलतं, त्यावरून फिट आल्याचं समजतं.

"आणि आत मेंदूत काय होतं?"

"फिट थांबवायला मेंदू स्वतःचा ब्रेक लावतो. तो ब्रेक हळूहळू पक्का होतो, असं एक मत आहे. नवे धागे फुटतात, असंही दिसलंय. पण पुरतं कुणालाच माहीत नाही."

माहीत नाही म्हणणारी पहिली डॉक्टर भेटली, मला आवडली. आमच्यातही असतं. पॅनल बंद करून चालू केलं की लिफ्ट पळते, का ते कुणी विचारू नये. तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, इतकं सोपं नाही हो ते.

आठवणींचंही विचारलं. नवी आठवण ओल्या सिमेंटसारखी असते म्हणाल्या. शॉकच्या आधीचे काही दिवस, कधी काही आठवडे, वाळायच्या आत पुसले जातात. जुनं बहुतेक शाबूत राहतं, आणि हातातली विद्या जात नाही. मी मनात म्हटलं, रविवारची संध्याकाळ चांगली खडखडीत वाळलीये माझी.

शनिवार, ९

चहाला चव आली. लिहायला लाज वाटते, पण कप धरून तसाच बसलो होतो. वर्षभर गरम पाणी पीत होतो, आज चहा प्यालो.

मंगळवार, १२

काल तिसरा. आज चक्क भूक लागली. अंडं मागून घेतलं, मग दुसरं. समोरच्या इमारतीची लिफ्ट वर जाताना कुरकुरते, ती ऐकू आली आणि म्हटलं, अरे, गाइड रेलला तेल नाही. हा विचार माझा होता. इतक्या दिवसांनी घरी पाहुणा आल्यासारखं वाटलं. दाढी करताना शीळ घातली.

ही दारात उभी राहून ऐकत होती. डोळे भरले होते. मग बाहेरच्या खोलीत जाऊन ताईला फोन लावला. भिंत पातळ आहे आमची. "हो, खूपच फरक आहे. अगं, शीळ घातली आज. हो... बघू ना. पुढच्या महिन्यात कदाचित."

पुढच्या महिन्यात! तोंडाला फेस तसाच, वस्तरा अर्ध्यावर. म्हणजे ही पस्तावली बिस्तावली काही नाही. हिचं आपलं ठरलेलंच आहे. मी बरा झालो की ही जाणार, आणि मी मूर्खासारखा शीळ घालतोय!

आम्हाला पोरबाळ नाही. हिच्याशिवाय मला कोण आहे? बरा होऊन रिकाम्या घरात काय करू, भिंतींना शीळ ऐकवू?

मला बरं व्हायचं नाही.

बुधवार, १३

ठरलं. शॉक बंद करा म्हणायची सोय नाही, संशय येईल. शॉक चालू राहू देत, मी फक्त बरं दिसायचं नाही. हिचं पाऊल जिन्यात वाजलं की पलंगावर, तोंड भिंतीकडे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही, दिव्याखाली अंधार, म्हणून ऐकायला भरपूर वेळ मिळतो.

सगळी सोंगं आणता येतात, न जेवण्याचं आणता येत नाही. ही कामाला गेली की डब्यातले टोस्ट खातो आणि डबा पुन्हा त्याच कोनात ठेवतो. आज मिक्सर बिघडलेला दिसला, हात शिवशिवत होते, पण शिवलो नाही. भिंतीकडे बघत पडलो. आजारात भिंत दिसायची नाही. आता दिसते. रंगाचे पापुद्रे, एक खिळ्याचं भोक, कोपऱ्यात ओलीचा डाग. बरं असताना आजारी पडून राहणं म्हणजे काय शिक्षा आहे, ती भोगल्याशिवाय कळायची नाही.

शनिवार, १६

नुसतं पडून भागेना. परवाच्या शॉकनंतर माझ्या चेहऱ्यावर तरतरी होती म्हणे, हिने ओळखलं. मग म्हटलं, विसरण्याचं वाढवू. डोक्यातले तुकडे गळालेल्या माणसाला कोण एकटं सोडेल?

काल साखर कुठे ते विसरलो. ठीक जमलं. दुपारी शेजारच्यांना ओळखलं नाही. तेही जमलं, ते तसे ओळखण्यासारखे नाहीतच. मग आज हुरूप आला आणि जेवताना म्हणालो, "तुझी आई बऱ्याच दिवसांत आली नाही गं."

सासूबाईंना जाऊन कित्येक वर्षं झाली. शेवटी उशाशी मीच होतो, ही बाहेर औषधाला गेली होती.

हिचा हात ताटातच राहिला. म्हणाली, "आई नाहीये आता." आणि इतकी रडली, जणू आजच गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड उघडलं नाही. डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही स्वतःहून शॉकला तयार झालात, ते तरी आठवतं का हो? थोडंसं?"

नाही म्हटलं. हे खरंच नाही आठवत, आठवणार कुठून, मी स्वतःहून तयार होईन का? माझा उत्साह टिकावा म्हणून बोलत असेल. ही पुन्हा रडली. बायका कशावर रडतील सांगता येत नाही.

सोमवार, १८

बाईंनी शॉकच्या आधी परीक्षा घेतली. पाच शब्द सांगितले, मध्ये हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग विचारले. पाचही येत होते. दोन सांगितले, तिसरा भलताच. मग कागद दिला, घड्याळ काढा, आठ वाजून वीस मिनिटं. वायरिंगचे नकाशे काढण्यात हयात गेलेला माणूस मी, वाकडं घड्याळ काढताना घाम फुटला. हात आपोआप सरळ जायचा, त्याला धरून वाकडा केला. बारा आणि एक एकाच घरात कोंबले, दोन्ही काटे सारखेच ठेवले.

बाईंच्या कपाळाला आठ्या. ही खिडकीशी उभी राहून पर्सचा बंद पिळत होती. तिने सासूबाईंचं सांगितलं. बाईंनी माझं घड्याळ फाईलला लावलं. "आजचा देऊ," म्हणाल्या, "पण पुढचं विचार करून ठरवू."

गुरुवार, २१

शॉक बंद.

बाई म्हणाल्या, मनाला फायदा दिसतोय, पण किंमत फार पडतेय. इतकं जुनं जायला नको होतं. थोडं थांबू, गोळ्या चालू ठेवू, मग डोक्याच्या एकाच बाजूने शॉक द्यायचा का ते बघू.

घरी आल्यावर हिने ताईला फोन केला. "नाही गं, आता नाही जमायचं. यांना आईसुद्धा आठवत नाही. कधी ते नको विचारूस. माझी वाट बघू नकोस, वर्गावर दुसरी कुणी बघ." फोन ठेवला आणि ओट्याशी जाऊन उभी राहिली. नळ चालू, खाली भांडं नाही, पाणी नुसतं वाहतंय.

जिंकलो मी. ही कुठे जात नाही आता.

रविवार, २४

जिंकलेल्या माणसासारखं काही वाटेना. ही माझ्या औषधांच्या पाकिटांवर वार लिहीत बसली होती. मोठ्या अक्षरात, लहान मुलाला कळतील असे. मी एकदा तोंड उघडलं होतं सांगायला. पण काय सांगू? तुझी आई मेली हे मला माहीत होतं? झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही म्हणतात. त्या सोंग घेतलेल्याला स्वतःलाही उठता येत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं.

बुधवार, २७

चहा गुळचट पाणी. साखर जास्त पडली असेल.

शुक्रवार, २९

साखरेचा दोष नाही. आज टोस्टचा डबा उघडलाच नाही. समोरची लिफ्ट कुरकुरते का, लक्ष नाही. ती भिंत दिसत नाहीये परत.

आता सोंग करावं लागत नाही.

रविवार, १

बारक्या आला होता. कामावरचा माझा जोडीदार. नाव बारक्या, पण एकटा चढला तरी लिफ्ट ओव्हरलोडची घंटा वाजवते. तीन मजले चढून धापा टाकत बसला. म्हणाला, साहेब विचारत होते, कधी येतोस? मी भिंतीकडे बघत होतो. त्याने दोन विनोद केले. ते विनोद आहेत हे कळत होतं, बाहेरून, काचेतून बघितल्यासारखं. जाताना ही पाणी आणायला आत गेली तेव्हा कानाशी येऊन म्हणाला, "लेका, वहिनींकडे बघतोस की नाही? तुझ्यापेक्षा त्याच उतरल्यात."

लिफ्टच्या शाफ्टच्या, त्या उभ्या विहिरीच्या, तळाचा विचार मनात येतो. तिथे कसं गार असतं, शांत असतं. बाईंनी सांगितलंय असलं काही आलं तर लिहा आणि सांगा. लिहिलं. सांगितलं नाही.

मंगळवार, ३

आज ही कामाला गेली नाही. ताप नाही, काही नाही. चहा केला नाही. दुपारी येऊन माझ्याशेजारी आडवी झाली, माझ्याकडे पाठ करून, समोरच्या भिंतीकडे तोंड. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "काही नाही."

'काही नाही' हे माझं उत्तर आहे. वर्षभर मीच वापरलंय, मला त्याचा आतला आवाज पाठ आहे. मी वळून बघितलं. डोळे उघडे होते आणि भिंतीवर होते. जेवणाची वेळ झाली, टळली, ही उठली नाही. मी म्हटलं, काही आणू का? चादर डोक्यावरून ओढून घेतली.

मी घाबरलो. कितीतरी दिवसांत काहीतरी वाटलं आणि ते हे वाटलं. हिला जवळ ठेवायला गेलो आणि माझ्याच खड्ड्यात ओढली. मी एकटा कुजत होतो ते काय कमी होतं?

उद्या ही उठली नाही तर तिला कोण उठवणार, मी?

गुरुवार, ५

आज बाईंकडे गेलो. हिला मीच चपला घालायला लावल्या. जिना उतरताना कोण कुणाला धरून होतं देव जाणे.

खुर्चीत बसल्या बसल्या सांगून टाकलं, नाहीतर जमलं नसतं. "बाई, घड्याळ मला काढता येतं. पाचही शब्द येत होते. सासूबाई केव्हा गेल्या, कोणत्या खोलीत, अंगावर काय होतं, सगळं ठाऊक आहे. मी नाटक केलं."

बाईंनी फाईलमधून ते वाकडं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "तुमच्या खोट्यावर मी चालू उपचार थांबवले. तुम्ही परत घसरलात. काही बरंवाईट झालं असतं तर?" शाफ्टचंही सांगितलं मग. त्यांनी पेन खाली ठेवलं.

ही माझ्याकडे बघत होती, अनोळखी माणसाकडे बघावं तशी. "का पण?"

"तू म्हणाली होतीस ना, मी बरा झालो की जाणार. आजारी माणसाला टाकून जाववत नाही. मग मी काय करू? बरा होऊ?" मी खुर्चीतून अर्धा उठलो. "मला सगळं आठवतंय. पलंगाच्या कडेला बसली होतीस. तुझ्या बोटांना खडू होता."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी कुठे काय म्हणालो? मी भिंतीकडे तोंड करून..."

"तुम्ही उठून बसलात."

ही बाईंकडे वळून सांगायला लागली, जणू मी खोलीत नाहीच. "कुणी न उठवता उठून बसले हो हे. कितीतरी महिन्यांनी. म्हणाले, मग उद्याच जाऊ, घेतो मी शॉक. मी बरा होतो, तू जा. माझ्यापायी दोघांनी कशाला सडायचं? मी म्हटलं, मी रागाने बोलले, तर म्हणाले, नाही, तू खरं बोललीस. ताईला फोन यांनीच लावला. हिची नीट सोय करा म्हणाले. मी रडत बसले. मला वाटलं, आहेत, हे अजून आत आहेत. सकाळी शॉक झाला आणि विचारलं, तर म्हणाले, काय बोललो?"

मी डोकं पिंजून काढलं. उठून बसलेलो मी, फोन हातात घेतलेला मी, एक धागा सापडेना. त्या जागी काळोखसुद्धा नाही. झोपलो असणार, एवढंच आहे तिथे, आणि तेही मीच नंतर भरलेलं.

बाई म्हणाल्या, "हे खरं विसरणं. पहिल्या शॉकच्या आदल्या दिवसाचा अर्धा भाग राहिला, अर्धा गेला. असं होतं. जे जातं ते गेलंय हे कळत नाही, म्हणून तर घरच्यांना विचारायचं असतं."

म्हणजे मी एक गोष्ट विसरल्याचं सोंग करत होतो आणि त्याच्या शेजारची खरोखर विसरलो होतो. त्या संध्याकाळी पलंगावर उठून बसलेला तो माणूस मला भेटायला हवा. त्याने बायकोला मोकळं केलं होतं. मी त्याच्या नावावर शॉक घेतले आणि तिला पुन्हा बांधून ठेवली.

सोमवार, ९

शॉक पुन्हा सुरू. बाईंनी विचारलं, घेणार? हो म्हटलं. हे हो म्हटलेलं मी स्वतः ऐकलं, इथे लिहून ठेवतो.

सोमवार, १६

जबडा दुखतो. चहाची चव अर्धी आली.

मागचे काही दिवस पुसट आहेत. हिला विचारलं, आपण भांडलो का? म्हणाली, नाही, एकदा हसलो तेवढं. कशावर, ते तिलाही आठवेना. तिला कुणी शॉक दिला नाही तरी.

गुरुवार, २६

काल मिक्सर दुरुस्त केला. मोटरमधले कार्बनचे ब्रश झिजले होते. ही कामावरून आली आणि बटण दाबून बघत उभी राहिली. रोज कामाला जाते आता. परवा कारखान्यातून कापड आणलं, माझी मापं घेतली, म्हणाली, कामावर जाताना नवा शर्ट हवा. गळ्याभोवती टेप धरून बराच वेळ उभी होती. आकडा नीट दिसत नसेल, तिच्या चष्म्याचा नंबर वाढलाय.

खूश दिसते. जायचं म्हणून असेल. असू दे. तिचा हक्क आहे.

रविवार, २९

हिने ताईला अजून काही कळवलेलंच नाही! विचारलं तर म्हणाली, "बघू, घाई काय आहे?" माझी काळजी अजून सोडत नाही. तिच्या तोंडून निघणार नाही हे ओळखून मीच फोन लावला. "ताई, मी आता ठीक आहे. हिची सोय करा." ताई म्हणाल्या, "तिला विचारलंत का?" मी म्हटलं, "ठरलेलंच आहे ते." फोन ठेवून वळलो तर ही मागे उभी. तशीच आत जाऊन शर्टाच्या गुंड्या लावत बसली. सुटकेचा विश्वास बसायला वेळ लागतो माणसाला.

तो शब्द मी दिला होता. आठवत नसला तरी माझाच आहे. एकदा मोडला, आता पुन्हा मोडायचा नाही.

मंगळवार, ७

काल कामावर रुजू झालो. नवा शर्ट घातला. बारक्या म्हणाला, नवरदेव दिसतोस. पहिलीच तक्रार ब्रेकची होती. हातातली विद्या खरंच जात नाही, झाकण उघडलं आणि बोटं आपणहून जागेवर गेली. बाईंनी सांगितलं, शॉक संपले, गोळ्या चालू, दर महिन्याला येऊन भेटा.

हिची गाडी रविवारची. तिकीट मीच काढलं, खिडकीचं.

रविवार, १२

गेली.

सकाळपासून बॅगा दारात. मी दोनदा तपासलं, चष्मा, चार्जर, तिची मोठी कात्री. हिने विचारलं, "काही राहिलं का?" मी म्हटलं, काही नाही. परत विचारलं, "नीट बघितलंत ना, काही राहिलं नाही?" मी कपाट उघडून दाखवलं, रिकामे खण. मग चपला घातल्या, काढल्या, मोरीपर्यंत जाऊन आली, पुन्हा घातल्या. चपलेचा बंद टोचत असावा, मी म्हटलं, मी सैल करून देऊ? नको म्हणाली.

मग दाराला पाठ लावून उभी राहिली. "तुम्हाला काही बोलायचंय?"

खूप बोलायचं होतं. थांब म्हणायचं होतं. पण थांब म्हटलं असतं तर पुन्हा तेच, एकदा सोंगाने पाय धरले होते, आता हात धरले असते. तिने वर्षभर माझं केलं, मला हे एक धड करायचं होतं. आवाज चांगला ठणठणीत काढला. म्हटलं, "जा. गाडी चुकेल."

ही हो म्हणाली. बॅगा मी खाली नेल्या, तीन मजले. रिक्षात बसली आणि समोर बघत राहिली. वळणापर्यंत मागे बघितलं नाही. मला वाटलं, बरं झालं, मन घट्ट आहे तिचं.

वर आलो आणि रडू फुटलं. अजून थांबत नाहीये, अक्षर खराब येतंय. भीती वाटली म्हणून बाईंना फोन केला. विचारलं, हा आजार परत आला का? त्यांनी जेवलात का, झोपलात का विचारलं, शाफ्टचं विचारलं. मग म्हणाल्या, "नाही हो. हे साधं दुःख आहे. बऱ्या माणसाला होतं."

म्हणजे बरा झालो. पहिल्यांदा मी तिला जा म्हणालो, ते माझ्याजवळ नाही, ते फक्त तिच्याजवळ आहे. आता शॉक संपले. आजचं 'जा' माझ्याजवळ राहणार.